न आलेल्या निरोपाचा इतिहास

या व्याख्यानमालेत मला याआधी बोलावलं ते शंकराचार्यांवर आणि ह्यूमवर बोलायला. या वेळी संयोजकांचा फोन आला, ‘सर, उद्योगधंद्यातले सेन्सर, स्मार्ट उपकरणं, त्यांच्यासाठी भरवशाची जोडणी कशी निवडायची, यावर कोणी बोलणारं माहीत आहे का?’ मी म्हटलं, मीच बोलतो. त्यानंतर फोनवर बराच वेळ काही ऐकू आलं नाही. आता ती शांतता म्हणजे त्यांचा संकोच होता, की मध्येच लाइन गेली होती, हे मला कळेना. माझा आजचा सगळा विषय खरं तर तेवढाच आहे.

हा विषय माझ्याकडे आला तो घरातून. माझ्या पुतण्याचं निफाड तालुक्यात द्राक्षांचं शीतगृह आहे. फार मोठं नाही. आसपासच्या बागायतदारांचा निर्यातीचा माल तिथे येतो, आधी प्रीकूलिंग होतं, मग पेट्या शून्य अंशाच्या आसपास ठेवायच्या आणि कंटेनर आला की भरायच्या. पूर्वी रात्रपाळीचा एक माणूस दर दोन तासांनी चेंबरच्या बाहेरचा आकडा बघून वहीत लिहीत असे. मग कोणीतरी एक पेटी बसवून दिली. आत तापमानाचा सेन्सर, बाहेर सिमकार्ड घातलेला डबा. तापमान चार अंशांवर गेलं की मालकाला मेसेज. वही बंद झाली. रात्रीच्या माणसाला दुसरं काम दिलं.

मार्चमधल्या एका शनिवारी रात्री कॉम्प्रेसर ट्रिप झाला. मेसेज आला नाही. रविवारी दुपारी कोणीतरी दार उघडलं तेव्हा आत घाम फुटल्यासारखं झालं होतं, पेट्यांच्या आत पाणी सुटलेलं. द्राक्षांच्या पेटीत ‘ग्रेप गार्ड’ नावाचा कागद ठेवतात, तो ओलाव्याने सल्फर डायऑक्साइड सोडतो. थोडा सुटला तर बुरशी लागत नाही, एकदम जास्त सुटला तर मणी पांढरे पडतात. तेच झालं. निर्यातदाराने माल नाकारला, स्थानिक बाजारात मिळेल त्या भावाने तो गेला. ज्यांचा माल होता त्यातले तिघे शेतकरी कर्ज काढून बाग उभी केलेले. पुतण्याने पदरचे पैसे घातले, तरी त्यांच्यासमोर उभं राहायचं अवघड ते अवघडच.

चौकशी केली तेव्हा काय निघालं? सेन्सर ठीक होता. डबा ठीक होता. डब्याने मेसेज पाठवायचा प्रयत्नही केला होता. सिमकार्ड मात्र बंद पडलं होतं. ते घेतलं होतं नोकरी सोडून गेलेल्या एका मुलाच्या नावावर, त्याचं रिचार्ज कोणी केलं नव्हतं. ते बंद होऊन किती दिवस झाले होते हेही कोणाला सांगता येईना. म्हणजे त्या सगळ्या दिवसांत मेसेज येत नव्हते, आणि माझा पुतण्या समजत होता की सगळं आलबेल आहे. मला तो म्हणाला, ‘काका, मेसेज आला नाही म्हणजे थंड आहे, असंच आम्ही धरलं होतं.’

मी घरी आलो आणि कुमारिल भट्टांचं श्लोकवार्त्तिक काढलं. (हशा) हसू नका. सातव्या शतकाच्या आसपासचा हा मीमांसक, त्याच्या ग्रंथात अभावावर एक स्वतंत्र प्रकरण आहे. प्रश्न असा की जमिनीवर घडा नाही, हे आपल्याला कसं कळतं? घडा दिसतो तो डोळ्यांना. ‘घडा नसणं’ कशाला दिसतं? नैयायिक म्हणाले, तेही प्रत्यक्षानेच कळतं. प्रभाकराचे अनुयायी म्हणाले, अभाव म्हणून वेगळं काही नसतंच, रिकामी जमीन दिसली एवढंच. भाट्ट मीमांसक म्हणाले, नाही, हे ज्ञानाचं वेगळंच साधन आहे, त्याला अनुपलब्धी म्हणा. पुढे अद्वैत वेदान्त्यांनीही ते मान्य केलं. या वादात एक अट फार महत्त्वाची ठरली, आणि तिच्यासाठी मी हे सगळं सांगतोय. नुसतं ‘दिसलं नाही’ यावरून ‘नाही’ ठरत नाही. असतं तर नक्की दिसलं असतं, अशी परिस्थिती असली पाहिजे. भरपूर उजेड आहे, डोळे शाबूत आहेत, आणि तरी घडा दिसत नाही, तर घडा नाही. अंधाऱ्या खोलीत घडा दिसला नाही, यातून काहीच सिद्ध होत नाही. हिला योग्यानुपलब्धी म्हणतात.

पुतण्याचं शीतगृह ही अंधारी खोली होती. त्याला वाटत होतं तिथे दिवा आहे.

आता इतिहासाकडे वळू. यंत्रांना तारेने किंवा बिनतारी जोडण्याचा जो सुमारे पावणेदोनशे वर्षांचा इतिहास आहे, तो बहुतेक पुस्तकांत वेगाचा आणि अंतराचा म्हणून सांगतात. किती लांब, किती लवकर. मला तो वेगळा वाचता येतो: निरोप आला नाही तर त्याचा अर्थ काय, हे ठरवण्यासाठी माणसांनी काय काय केलं. जोडणी निवडताना हाच प्रश्न पहिला विचारावा असं माझं मत आहे. कव्हरेज किती, महिन्याचे पैसे किती, हे नंतर.

मोर्सची वॉशिंग्टन ते बाल्टिमोर तार 1844 साली सुरू झाली. पुढे तारायंत्राच्या दोन रीती पडल्या. युरोपात साधारणपणे तार मोकळी ठेवत. निरोप पाठवायचा तेव्हाच वीज सोडायची. बॅटरी वाचते. अमेरिकेत उलट. तिथे तारेतून वीज सतत वाहत असे, आणि निरोप पाठवायचा म्हणजे ती तोडायची, जोडायची. अमेरिकन तारमास्तराच्या कळीला म्हणूनच एक छोटी पट्टी असायची. आपला निरोप संपला की ती पट्टी लावून तार पुन्हा जोडायची. एखादा विसरला की सगळी लाइन ठप्प, आणि वरच्या खालच्या सगळ्या स्टेशनांवरून त्याच्या नावाने शिमगा. पण या रीतीचा एक मोठा फायदा होता. वाटेत कुठे झाड पडून तार तुटली, तर ते त्याच क्षणी सगळ्यांना कळे. युरोपीय रीतीत तार तुटलेली आहे हे कळायला कोणीतरी काहीतरी पाठवून पाहायला लागे.

फरक लक्षात घ्या. दोन्हीकडे तार तीच, खांब तेच, अक्षरंही जवळजवळ तीच. एकीकडे शांतता म्हणजे ‘निरोप नाही किंवा तार नाही’, दुसरीकडे ‘निरोप नाही’ आणि ‘तार नाही’ या दोन गोष्टी वेगळ्या ओळखू येतात. किंमत एवढीच की बॅटरी दिवसरात्र जळत राहते.

बोस्टन शहराने 1852 साली आगीच्या सूचनेसाठी तारायंत्र बसवलं. विल्यम चॅनिंग नावाचे एक डॉक्टर आणि मोझेस फार्मर नावाचे एक विद्युत्-अभियंता, या दोघांची ती कल्पना. रस्त्यारस्त्यावर पेट्या, प्रत्येक पेटीला नंबर, आत दातेरी चाक. चाक फिरलं की मध्यवर्ती कचेरीत नंबर उमटणार. आपण आज ज्याला उद्योगातला सेन्सर म्हणतो त्याचा हा पणजोबा म्हणायला हरकत नाही. फरक इतकाच की आग हुंगायला माणूस लागायचा.

पण खरी गोष्ट आहे ती रेल्वेची, आणि इथे मी जरा थांबणार आहे.

विल्यम रॉबिन्सन हा अमेरिकन संशोधक. रुळांवर गाडी आहे की नाही हे माणसाशिवाय कळावं, अशी त्याची खटपट. 1870 साली पेन्सिल्व्हेनियात किंझुआ इथे त्याने आपली पहिली योजना प्रत्यक्ष रुळांवर बसवली. योजना सोपी होती. गाडी आली की तिच्यामुळे विजेचं मंडल पूर्ण होतं, वीज वाहते, सिग्नल धोक्यावर जातो. गाडी नाही, वीज नाही, सिग्नल मोकळा. चालली ती व्यवस्थित. आणि मग रॉबिन्सनच्याच लक्षात आलं की आपण भयंकर काहीतरी केलं आहे. तार तुटली तर? बॅटरी उतरली तर? गाडी उभी आहे, पण वीज वाहत नाही, म्हणून सिग्नल सांगतोय, या, रस्ता मोकळा आहे! चालू असताना यंत्र खरं बोलत होतं. बिघडलं की ते खोटं बोलत होतं, तेही सगळ्यात घातक खोटं, आणि बाहेरून दोन्ही सारखंच दिसत होतं.

त्याने योजना उलटी केली. 1872 साली त्याला तिचं पेटंट मिळालं. आता बॅटरी रुळांच्या एका टोकाला, रिले दुसऱ्या टोकाला, वीज रुळांतूनच सतत वाहते आणि रिलेला धरून ठेवते. रिले धरलेला आहे तोवर सिग्नल मोकळा. गाडी आली की तिची चाकं आणि आस दोन्ही रुळांना जोडतात, वीज मधल्यामध्ये परत फिरते, रिलेपर्यंत पोचत नाही, रिले पडतो, सिग्नल लाल. आणि तार तुटली? रिले पडतो, लाल. बॅटरी संपली? लाल. रूळच मोडला? बहुतेक वेळा तरी लाल. आपल्याकडे रेल्वेत काम केलेले कोणी श्रोते असतील तर ते मान हलवत असतील, कारण ट्रॅक सर्किट म्हणून हेच तत्त्व आपल्या रुळांवरही आहे.

पुतण्याच्या डब्यात किंझुआची पहिली योजना होती, रॉबिन्सनने दोन वर्षांत टाकून दिलेली. दीडशे वर्षांनंतर ती बाजारात नवी म्हणून विकली जात होती.

कारखान्यांत याच शहाणपणाने आणखी एक रूप घेतलं, आणि तत्त्वज्ञानाच्या माणसाला त्याने वेड लागावं असं ते आहे. ठाणे-बेलापूरला किंवा पिंपरी-चिंचवडला इन्स्ट्रुमेंटेशनमध्ये काम केलेल्या कोणालाही विचारा, चार ते वीस मिलीअँपिअर म्हणजे काय. टाकीतली पातळी, भट्टीचं तापमान, वाफेचा दाब, जे काही मोजायचं ते विजेच्या प्रवाहाने तारेवरून सांगायचं. तळाचा आकडा म्हणजे चार मिलीअँपिअर, वरचा आकडा म्हणजे वीस. तुम्ही म्हणाल, तळाला शून्य का नाही? शून्य तापमानाला शून्य प्रवाह, सोपं झालं असतं. पण मग टाकी रिकामी आहे आणि तार तुटली आहे, या दोन गोष्टी एकाच आकड्याने सांगितल्या गेल्या असत्या. म्हणून रिकाम्या टाकीनेही चार बोलायचं. प्रवाह खरोखर शून्यावर गेला, तर समजायचं की टाकीबद्दल आपल्याला काही माहीत नाही. विजेच्या आधी हवेच्या दाबावर चालणारी उपकरणं होती, त्यांतही हेच होतं, तीन ते पंधरा पौंड. तिथेही शून्याला जागा दिलेली नव्हती. याला ते लोक ‘लाइव्ह झिरो’ म्हणतात, जिवंत शून्य.

ब्रह्मगुप्ताने 628 साली शून्याला संख्या मानून त्याचे नियम दिले, हे आपण अभिमानाने सांगतो. शून्य ही एक संख्या आहे, म्हणजे ते काहीतरी सांगणं आहे. काहीच न सांगणं वेगळं. कारखान्यातला फिटर हा फरक पकडीने आणि मीटरने रोज सांभाळत आलाय, आणि आम्ही वर्गात त्यावर तासन् तास घालवतो.

इथवर सगळं तारेवरचं. तारेतून सतत वीज सोडता येते, म्हणून शांततेला अर्थ देता येतो. बिनतारी आलं आणि ही सोय गेली. आकाश सतत भरून ठेवता येत नाही, कारण ते सगळ्यांचं आहे.

1971 साली हवाई विद्यापीठात नॉर्मन अब्रॅमसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अलोहानेट सुरू केलं. वेगवेगळ्या बेटांवरची टर्मिनलं, होनोलुलूजवळ संगणक, मध्ये समुद्र. सगळ्यांना एकच रेडिओ वाहिनी. पाळी कोणाची हे ठरवायचं कसं? त्यांनी ठरवलं, ठरवायचंच नाही. ज्याला बोलायचं त्याने बोलावं. दोघे एकदम बोलले तर दोघांचंही वाया जाईल. मग ते आपल्याला कळणार कसं? तर संगणकाने प्रत्येक निरोपाची पोच द्यायची. पोच आली नाही तर टर्मिनलने थोडा वेळ थांबून, तोही प्रत्येकाने आपापल्या नशिबाने कमीजास्त, पुन्हा पाठवायचं.

आपल्याकडे रजिस्टर्ड पत्राला गुलाबी पोचपावती लावायची पद्धत होती. मनीऑर्डरची पोचपावती सहीसकट परत आली की गावाकडची आई जेवते आहे याची खात्री. अलोहाने तेच केलं, सेकंदाच्या अंशात. पत्र गेलं हे पाठवणाऱ्याला कळतं ते समोरून काहीतरी परत आल्यावरच.

किंमत मात्र जबर. गणित असं निघालं की या पद्धतीत वाहिनीच्या क्षमतेपैकी फार तर 18 टक्के कामी येते, बाकी टकरीत जातं. आणि हे जुनं नाही बरं का. आज शेतात, गोदामात, पाण्याच्या मीटरवर लोरा नावाची जी लांब पल्ल्याची, कमी विजेची पद्धत वापरतात, तिच्यातली उपकरणंही मूळ अलोहाच्याच रीतीने बोलतात, मनात येईल तेव्हा. ग्रेनोबलमधल्या एका छोट्या फ्रेंच कंपनीत ती जन्मली, 2012 साली सेमटेकने ती कंपनी घेतली. लोराच्या जाळ्यात पोच मागता येते, पण गेटवे सहसा एका वेळी एकच करू शकतो, बोलणं किंवा ऐकणं. तो एकाला पोच देत असतो तेवढा वेळ बाकी शेकडो जणांकडे त्याचे कान बंद. म्हणून बहुतेक लोक पोच मागतच नाहीत. सिगफॉक्सवाल्यांनी वेगळा मार्ग काढला होता. पोचेच्या भानगडीत फारसं न पडता तोच निरोप तीन वेळा, तीन वेगळ्या कंप्रतांवर ओरडून सांगायचा. दिवसाला 140 निरोप, प्रत्येकी 12 बाइट. एका एसएमएसपेक्षाही कितीतरी लहान. आणि मोबाइल कंपन्यांची जी खास यंत्रांसाठीची पद्धत आहे, एनबी-आयओटी, तिचं मानक 2016 साली आलं, तिच्यात उपकरण गाढ झोपतं, बॅटरी वर्षानुवर्षं पुरावी म्हणून. झोपेत असताना त्याला हाक मारली तरी ऐकू येत नाही. तारमास्तरांचा जुनाच व्यवहार हा, बॅटरी वाचवा किंवा शांततेला अर्थ द्या.

यातून वाट काय? वाट आपल्या कॉलन्यांमध्ये फार दिवसांपासून आहे. रात्री गुरखा शिट्टी वाजवत, काठी आपटत जायचा. तो चोर पकडल्यावर शिट्टी वाजवत नसे, चोर नसतानाच वाजवत असे. आपण ती अर्धवट झोपेत ऐकायचो आणि कूस बदलायचो. एखाद्या रात्री शिट्टी आली नाही, तर घरातलं वडीलधारं माणूस उठून खिडकीशी जायचं. यंत्रवाले याला हार्टबीट म्हणतात. दर पंधरा मिनिटांनी, तासाने, उपकरणाने सांगायचं, मी आहे, इतके अंश आहे. म्हणजे न येणं हीच बातमी होते.

पण एक गोष्ट लोक इथे विसरतात, आणि मी स्वतः ती पुतण्याबरोबर चूक करून शिकलो. शिट्टी ऐकू न आल्याची दखल घेणारं कोणीतरी जागं असावं लागतं, आणि ते पलीकडच्या टोकाला असावं लागतं. भोंगा डब्यात ठेवून उपयोग नाही. डबाच मेला तर भोंगा कोण वाजवणार? वाट पाहणाऱ्याकडे भोंगा पाहिजे.

आता दुसरा भाग. तो थोडक्यात सांगतो, कारण त्यात यंत्रापेक्षा करार जास्त आहेत. आतापर्यंत मी एका निरोपाच्या न येण्याबद्दल बोललो. कधी कधी संपूर्ण जाळंच जातं. अमेरिकेत 1980च्या दशकात सुरू झालेली ॲनालॉग मोबाइल सेवा चालू ठेवायचं बंधन कंपन्यांवर होतं. सरकारने 2002 साली ठरवलं की आणखी पाच वर्षांनी ते काढायचं, आणि 18 फेब्रुवारी 2008ला ते संपलं. माणसांनी फोन केव्हाच बदलले होते. बदलले नव्हते ते भिंतींतले चोरघंटेचे डबे आणि मोटारींतली आणीबाणीची यंत्रं. माणूस दोन-तीन वर्षांत फोन बदलतो. भिंतीतलं यंत्र दहा-पंधरा वर्षं राहतं, ज्याने बसवलं तोही निवृत्त होतो.

यातून शिकले असतील असं वाटतं, पण 1 जानेवारी 2017ला एटीअँडटीने टूजी बंद केलं, वर्षानुवर्षं आधी सांगून, तेव्हा सॅन फ्रान्सिस्कोच्या थांब्यांवर बस किती मिनिटांत येणार हे दाखवणारे फलक गडबडले. अनेक बसगाड्यांमध्ये अजून टूजीचेच मोडेम होते. बस रस्त्यावर होती, वळण घेऊन येत होती, आणि फलकाच्या दृष्टीने ती अस्तित्वातच नव्हती. कुमारिलाला हे उदाहरण मिळालं असतं तर त्याने एक श्लोक जास्त लिहिला असता.

सिगफॉक्सचंही तसंच. स्वतःचं जागतिक जाळं उभारणारी ती कंपनी जानेवारी 2022 मध्ये न्यायालयाच्या देखरेखीखाली गेली, काही महिन्यांनी सिंगापूरच्या युनाबिझने घेतली. सेवा टिकली, पण ज्यांनी हजारो उपकरणं जमिनीत पुरली होती त्यांच्या त्या महिन्यांतल्या झोपेचा हिशोब कोण देणार? आणि आपण तरी काय पाहिलं? आपल्या देशाची तारसेवा जुलै 2013 मध्ये बंद झाली, शेवटच्या दिवशी लोक आठवण म्हणून तारा करायला रांगेत उभे होते. 2016 मध्ये जिओ आलं ते थेट फोरजी घेऊन, टूजी त्यांच्याकडे नाहीच. आपल्याकडे काही कंपन्यांचं टूजी अजून चालू आहे आणि स्वस्त डबे त्याच्यावरच चालतात. तुम्ही आज टूजीचा डबा विकत घेत असाल तर विक्रेत्याला एवढं विचारा की हे उपकरण किती वर्षं चालावं अशी तुमची अपेक्षा आहे, आणि तितकी वर्षं हे जाळं चालेल असं कोण लिहून देतंय. बहुतेक कोणी देत नाही. मग निदान मोडेम बदलता येईल असा डबा घ्या.

दुसरा मार्ग, जाळं स्वतःचं. आपल्याकडे 865 ते 868 मेगाहर्ट्झचा पट्टा ठरावीक शक्तीपर्यंत परवान्याशिवाय वापरता येतो, लोराचा गेटवे स्वतःच्या छपरावर लावता येतो. मग कंपनी बुडायची भीती नाही. पण गेटवेवर माकड चढलं, वीज पडली, ज्या मुलाने तो लावला तो पुण्याला गेला, तर जबाबदार तुम्हीच. मोठ्या कारखान्याला हे झेपतं. एका शीतगृहाला झेपेल असं मला वाटलं नाही.

तर शेवटी पुतण्याने काय केलं, ते सांगतो. चेंबरच्या भिंती पत्र्याच्या आणि मध्ये फोमच्या, त्यांतून रेडिओ धड बाहेर पडत नाही. म्हणून आतला सेन्सर तारेवर, चार ते वीसचा. तार तुटली तर लगेच कळावं म्हणून. डबा ऑफिसच्या भिंतीवर. त्यात दोन कंपन्यांची सिमकार्डं, दोन्ही व्यवसायाच्या नावावर, रिचार्जची तारीख हिशोबनिसाच्या वहीत. आता दोन सिमकार्डं म्हणजे दोन साक्षीदार असं आम्हाला वाटलं होतं. मग एका जाणत्या माणसाने दाखवलं की दोन्ही कंपन्यांचे अँटेना त्या भागात एकाच टॉवरवर आहेत. आपल्याकडे टॉवर वाटून घ्यायची पद्धतच आहे. टॉवरची वीज आणि डिझेल संपलं की दोघेही एकदमच गप्प. एकाच माणसाकडून ऐकलेली गोष्ट दोघांनी सांगितली म्हणून ती दोनदा खरी होत नाही, हे मी चाळीस वर्षं शिकवलं, आणि सिमकार्डं घेताना विसरलो.

दर पंधरा मिनिटांनी डबा बोलतो. बाहेरच्या सर्व्हरने तीस मिनिटं काही ऐकलं नाही तर पुतण्याला फोन. पहिल्या महिन्यात हा फोन रात्री इतक्या वेळा वाजला की सूनबाईंनी तो उचलून स्वयंपाकघरात डब्यांच्या मागे ठेवला. चूक त्यांची नव्हती. शांतता किती वेळ सहन करायची हे आम्ही मनानेच ठरवलं होतं, मालाला विचारलं नव्हतं. मग एका दिवशी त्याने चेंबर भरलेला असताना मुद्दाम कॉम्प्रेसर बंद केला आणि घड्याळ घेऊन बसला. दार बंद असेल तर दोन अंश चढायला दोन तासांहून जास्त लागले. म्हणून आता साठ मिनिटं. साठ मिनिटांनी फोन वाजला तर पाऊण तास जाऊन पोचायला आहे. हे उत्तर कोणत्याही कंपनीच्या पत्रकात नव्हतं, ते द्राक्षांनी दिलं. टोमॅटोंना वेगळं असेल, लसींना फारच वेगळं.

आणि वही त्याने पुन्हा सुरू केली. रात्रपाळीचा माणूस परत दर दोन तासांनी जातो, आकडा बघतो, लिहितो, सही करतो. मी विचारलं, आता इतकं सगळं बसवल्यावर हे कशाला? तो म्हणाला, ‘काका, टॉवर पडला तर फोन कोणाला करू? त्यालाच ना? मग तो जागा आहे हे मला आधीपासून माहीत नको का?’

मागच्या पावसाळ्यात टॉवर खरंच एक रात्र बंद होता. सर्व्हरने पुतण्याला उठवलं. त्याने रात्रपाळीच्या माणसाला फोन लावला, तर तोही लागेना, कारण मोबाइल त्याच टॉवरवर. पुतण्या गाडी काढून गेला. तो पोचला तेव्हा तो माणूस दारात टॉर्च घेऊन उभा होता आणि वहीत दोनचा आकडा लिहिलेला होता, एक पूर्णांक एक.

बरं, वेळ झाली आहे. प्रश्न असतील ते घेऊ. मागच्या रांगेत माइक पोचला का? पोचला असेल तर हात वर करा.